वाकडं दिसलेलं वर्तुळ

या मित्रांनो, असे जवळ या. मागच्यांनी पुढे सरका, पुढच्यांनी जरा माना खाली घ्या, म्हणजे सगळ्यांना दिसेल. आज मी तुम्हाला एका वर्तुळाची गोष्ट सांगणार आहे. ते माझ्याच काचेवर जन्माला आलं आणि ते पाहून मीच दिपून गेलो. पडद्याला कुठले आलेत डोळे, असं म्हणू नका. जो जगाला दाखवतो, त्यालाही थोडं दिसत असणारच की!

मी एक जुना मॉनिटर आहे. अंगाने रुंद, उंचीने बेताचा. कारखान्यात हातमोजे घातलेल्या एका बाईने माझ्यात पहिल्यांदा वीज सोडली आणि ती म्हणाली, "हा छान उजळलाय गं!" तेवढ्या कौतुकावर मी कितीतरी वर्षं काढली. एका कचेरीत गोदामातल्या मालाचे तक्ते दाखवत राहिलो. रकाने, आकडे, पुन्हा रकाने. मग माझ्याहून सडपातळ कुणीतरी आलं आणि माझी रवानगी अडगळीच्या खोलीत झाली. मोडक्या खुर्च्यांच्या मागे, कपाळावर ओली फरशीपुसणी टेकलेली, असा मी उभा होतो.

पण देवाच्या मनात वेगळंच होतं. त्या कचेरीतल्या एका तरुण मुलीने मला पाहिलं. "हा टाकणार असाल तर मी नेते," ती म्हणाली. चादरीत गुंडाळून, स्कूटरवर बांधून तिने मला घरी आणलं आणि आपल्या संगणकाला जोडलं. घरात तिची आई होती आणि तिची मामी होती. ती मामी म्हणजेच या गोष्टीतल्या बाई.

बाई शाळेत गणित शिकवायच्या. मुलं त्यांना वर्तुळबाई म्हणत. त्या फळ्यापाशी जायच्या, खांद्यापासून हात एकदाच फिरवायच्या आणि खडू निघाला तिथेच येऊन टेकायचा. ना दोरी, ना कंपास. मग त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. बोलणं परत आलं, चालणं परत आलं. उजवा हात मात्र मांडीवर ठेवलेल्या दुसऱ्याच कुणाच्या वस्तूसारखा पडून राहिला.

एके दिवशी संध्याकाळी मुख्याध्यापकांचा फोन येणार होता. बाई शाळेत परत येणार की नाही, हे त्यांना विचारायचं होतं. बाईंचं उत्तर ठरलेलं होतं. "हात गेला, तिथे विषय गेला. नाही म्हणून सांगणार आहे मी."

"मामी, नाही म्हणायच्या आधी हे एकदा बघ तरी," भाची म्हणाली. "इथे बिंदूंचे आकडे लिहायचे. ही खिडकी उघडते आणि तुझी आकृती तिच्यात उमटते. डावं बोट पुरेसं आहे." एवढं दाखवून ती कामावर गेली.

दुपारी बाई माझ्यासमोर बसल्या. बाजूला त्यांच्या नणंद, म्हणजे त्या मुलीची आई, शेंगा सोलत होत्या. बाईंनी एका बोटाने, शोधून शोधून, अक्षरं दाबली. पूर्ण फेरीतले मोजकेच कोन घेतले, मध्यापासून सगळे बिंदू सारख्या अंतरावर ठेवले. खिडकी उघडली. माझ्यावर कोपरेवाली आकृती उमटली.

"हे काय, बोल्टवरचा नट का?" नणंद म्हणाल्या.

"बिंदू कमी पडले, वन्सं." बाईंनी कोन वाढवले. कोपरे बोथट झाले. आणखी वाढवले आणि कोपरे विरघळूनच गेले! मित्रांनो, मी इतकी वर्षं आकडे दाखवले, पण आकड्यांमध्ये असं काही लपलेलं असतं, हे मला ठाऊकच नव्हतं. नुसत्या सरळ रेघा, आणि त्यांची वळणदार कडा! कर्त्याची केवढी ही करणी!

पण बाईंचा चेहरा उतरला. समोर वर्तुळ नव्हतं. आडवं, लांबट काहीतरी होतं.

"अंडं झकास आलंय वहिनी," नणंद म्हणाल्या. "उकडायला घालू का?"

बाई हसल्या नाहीत. "सगळे बिंदू सारख्या अंतरावर ठेवले मी. तरी वाकडं आलं. म्हणजे नुसता हात नाही गेला, वन्सं. डोकंही गेलं." त्यांनी मला बंद करायला बोट पुढे केलं.

नणंदेने शेंगांची परात खाली ठेवली. "डोकं गेलं की नाही, ते असं ठरतं होय? तू पोरांना काय सांगतेस? उत्तर चुकलं की सोपं गणित घालून बघा. मग घाल की! जे चुकूच शकत नाही असं काहीतरी काढ."

बाई थांबल्या. मग त्यांनी चौरस काढला. चार बिंदू, बाजू सारख्या, चुकायला जागाच नाही. खिडकी उघडली आणि माझ्यावर उमटला ऐसपैस आयत!

बाई एकदम पुढे वाकल्या. कडेचे आकडे त्यांनी बोटाने चाचपले. आडवं एक घर रुंद होतं, उभं एक घर बुटकं होतं. "अगं बाई! चौरस बरोबर आहे, वर्तुळही बरोबर आहे. ही चौकटच ताणलेली आहे, वन्सं! खिडकी रुंद, म्हणून तिने आडवं माप लांबवलंय."

मग त्यांनी पुन्हा वर्तुळ मांडलं आणि खाली एकच ओळ जोडली: दोन्ही अक्षांवर माप सारखं ठेव. माझ्या काचेवरचं ते अंडं दोन्ही बाजूंनी आत आलं आणि थांबलं. गोल. कुठून सुरू झालं, कुठे संपलं, काही कळू नये असं गोल. नणंदेचे हात आपोआप जोडले गेले. बाईंच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि डावं बोट हवेत तसंच धरलेलं होतं.

संध्याकाळी मुख्याध्यापकांचा फोन वाजला. "सोमवारी येते," बाई म्हणाल्या. "मात्र फळ्याशेजारी एक टेबल लागेल. माझ्यासोबत एकजण येणार आहे."

तो एकजण म्हणजे मी! बाई निवृत्त होईपर्यंत मी त्यांच्या वर्गात होतो. नव्या मुलांना त्या आधी मुद्दाम अंडं दाखवायच्या आणि विचारायच्या, "चूक कुणाची?" मुलं म्हणायची, "वर्तुळाची!" मग त्या ती एक ओळ लिहायच्या, आणि सगळा वर्ग "आई शप्पथ!" म्हणून ओरडायचा. तो आवाज माझ्या काचेत अजून घुमतो.

आता माझ्या उजव्या कडेला काळी पट्टी पडली आहे. मला ओल्या फडक्याने पुसू नका, वायर हिसकू नका, एवढंच माझं मागणं. आणि मित्रांनो, कुणी वाकडं दिसलं, तर त्याला वाकडं म्हणण्याआधी चौकट तपासा. मला विसरलात तरी चालेल. पण तुमच्या खिडकीत पहिलं गोल वर्तुळ उमटेल, तेव्हा बाईंचं ते डावं बोट तेवढं आठवा.