झुंबरबाईंची तपासणी

कारखान्यातून रजा काढून प्रदीपनं हल्ली विसरायला लागलेल्या आईला लोणावळ्याच्या दवाखान्यात आणलं होतं, ते तिला काही झालेलं नाही एवढंच ऐकायला. सोबत त्याची बायको सारिका होती. झुंबरबाईंचा सारा जन्म नवलाख उंबरे गावच्या शेतात गेलेला. शाळेची पायरी त्या कधी चढल्या नव्हत्या. तपासणाऱ्या ऋचा मॅडमनी कागदावर घड्याळाचं चित्र काढायला सांगितलं, तेव्हा त्यांनी पेन मुठीत धरलं आणि ओशाळून खाली ठेवलं. तारीख सांगता आली नाही. शंभरातून सात वजा करा म्हटल्यावर त्या सुनेकडं बघत राहिल्या.

"आईनं कवा पाटी धरली न्हाई, मॅडम. यात ती नापासच व्हनार," प्रदीप चिडून म्हणाला.

मॅडमना ते पटलं. कागद बाजूला सारून त्यांनी भातशेतीचं विचारलं. झुंबरबाई खुलल्या. रोपांसाठी जमीन भाजून राब करण्यापासून भाताच्या झोडणीपर्यंत सगळं त्यांनी ओळीनं सांगितलं. प्रदीप खुर्चीला टेकला. सारिकाला मात्र धास्ती वाटली. आता सगळं ठीक आहे म्हणतील आणि घरी पाठवतील.

"दिवसभर घरात तुम्हीच असता ना?" मॅडमनी तिला विचारलं. "दोन-तीन वर्षांपूर्वीच्या आजी आणि आताच्या, काही फरक वाटतो?"

प्रदीपनं तिच्याकडं रोखून पाहिलं. झुंबरबाईंनीही. मागच्या आठवड्यात त्या घरामागच्याच गल्लीत रडत उभ्या सापडल्या होत्या. घर कुठं ते कळेना. प्रदीपला सांगू नको म्हणून त्यांनी सुनेला शपथ घातली होती.

"व्हय, फरक हाय," सारिका म्हणाली, आणि मग तिनं सगळंच सांगून टाकलं. गल्लीतलं, आणि दोनदा चालू राहिलेल्या गॅसचंही.

मॅडमनी खणातून किल्ली, कंगवा, चमचा, असल्या चार-पाच वस्तू काढून झुंबरबाईंच्या हातात दिल्या, नावं म्हणून घेतली आणि झाकून ठेवल्या. थोडा वेळ गप्पा मारून पुन्हा विचारलं. त्यांना फक्त कंगवा आठवला.

"हे शाळा न शिकल्यामुळं नाही," मॅडम हळू आवाजात म्हणाल्या. रक्त तपासायचं होतं, डोक्याचा फोटो काढायचा होता. काही कारणं औषधानं बरी होतात, काही होत नाहीत, हेही त्यांनी लपवलं नाही.

प्रदीप बायकोकडं पाठ फिरवून गाडी आणायला गेला. सारिका सासूची माफी मागणार, तोच झुंबरबाईंनी तिचा हात घट्ट धरला.

"बरं केलंस. एकटीला लय भ्या वाटत व्हतं."