उन्हातली दोरी

आमची लाँड्री आहे. धुण्यात आणि कडक इस्त्रीत आमचा हात कुणी धरणार नाही, असं गल्लीत कुणालाही विचारा. आणि त्याच घरात मला गजकर्ण झालं. तेही नेमकं डाव्या कोपराच्या खोबणीत, जिथे तान्ह्या बाळाचं डोकं टेकतं तिथे.

लेकीची बाळंतपणाची रजा काही महिन्यांत संपणार होती. ती कामावर गेली की नात दिवसभर माझ्याकडे, असं मी छाती ठोकून सांगून बसले होते.

आधी नाण्याएवढी लाल चकती उठली. घामोळं असेल म्हणून मी कानाडोळा केला. पण खाज अशी, की इस्त्री फिरवता फिरवता हात थांबायचा. आमच्या ह्यांनी औषधाच्या दुकानात विचारून एक ट्यूब आणली. लाली गेली, खाज गेली, हे मिशीतल्या मिशीत हसले. ट्यूब संपली आणि डाग परत आला, तो मोठा होऊन आणि भावंडांना घेऊन. मधली कातडी साफ आणि भोवती लाल, खवले सुटलेलं कडं. ह्यांनी तीच ट्यूब पुन्हा आणली, मी लावत राहिले.

लेकीने ते पाहिलं आणि बाळ माझ्या मांडीवरून उचललं. ती पाळणाघर बघून आल्याचं नंतर जावयाकडून कळलं. मी पेटले. लेकीवर नाही, त्या कड्यावर. नात माझ्या या हातावरच झोपेल, असं मी त्याच दिवशी ठरवलं.

त्वचेच्या डॉक्टरीणबाईंनी कडेचे खवले खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. ही बुरशी आहे, म्हणाल्या. रक्त बिघडल्याने हे होतं, हा समज मनातून काढून टाका. त्या ट्यूबमध्ये स्टिरॉइड होतं. त्याने लाली दबते आणि आत बुरशीला रान मोकळं मिळतं. लेक नातीला घेऊन आली होती, तिलाही तपासलं. तिचं अंग स्वच्छ होतं. माझा जीव भांड्यात पडला. मग घरात आणखी कुणाला खाज आहे का, असं त्यांनी विचारलं. मी शेजारी बसलेल्या ह्यांच्याकडे पाहिलं, हे छताकडे पाहू लागले. पट्ट्याखाली पंजाएवढा डाग निघाला.

बाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं. "मावशी, तुमचे स्वतःचे कपडे कुठे वाळतात?"

मला उत्तर देताना लाज वाटली. गच्चीतली उन्हाची दोरी गिऱ्हाइकांची. आमचे कपडे मागच्या खोलीत, खुंट्यांवर. सकाळी दमट असतील तसे अंगात. दिवसभर दुसऱ्यांचे कपडे इस्त्री केल्यावर आपल्यासाठी इस्त्री कोण तापवतो? टॉवेल तर दोघांत एकच होता.

औषध सोपं होतं. बुरशीवरचं साधं मलम, डागाच्या बाहेर दोन बोटांपासून सुरू करून आत लावत यायचं. ह्यांना गोळ्याही दिल्या. डाग दिसेनासा झाला तरी सांगितलेल्या मुदतीआधी थांबायचं नाही. टॉवेल वेगळे, कपडे रोज धुतलेले आणि खडखडीत वाळलेले.

घरी येताच मी गच्चीत गेले आणि गिऱ्हाइकांच्या चादरी दोरीवरून ओढल्या. हे मागोमाग धापा टाकत आले, गिऱ्हाईक काय म्हणेल म्हणू लागले.

"म्हणू दे काय म्हणायचं ते," मी म्हटलं. "दोरी आधी आपली."

ती ट्यूब सुटली तशी सुरुवातीला खाज दुप्पट झाली. मी नखं मुळापासून कापली, दातांवर दात रोवले, पण खाजवलं नाही. डाग झाकून बाळाला घेतलंत तरी चालेल, असं बाई म्हणाल्या होत्या. मला झाकलेला हात नको होता.

हळूहळू माझा हात साफ झाला. ह्यांची कंबरही. तेवढ्यावर ह्यांनी मलमाला रामराम ठोकला. लेक बाळाला घेऊन आली, तशी हे हात पसरून पुढे झाले. मी मध्ये उभी राहिले आणि आज मलम लावलं का विचारलं. हे सदरा वर करून साफ कंबर दाखवू लागले.

"माझाही हात साफ दिसतोय," मी म्हटलं. "तरी मी अजून तिला घेतलं नाही. मला काय तिचा लोभ नाही?"

हे आत गेले. मलमाच्या डबीचं झाकण उघडल्याचा आवाज आम्हा दोघींना ऐकू आला. लेक माझ्याकडे बघत राहिली.

मुदत पुरी झाली. बाईंनी दोघांनाही तपासून मोकळं केलं.

रजा संपली त्या सकाळी गच्चीतल्या दोरीवर आमचे कपडे होते आणि त्यांच्या शेजारी नातीची झबली. गिऱ्हाइकांच्या चादरी खाली बादलीत थांबल्या होत्या. लेक कामाचे कपडे घालून बाळासकट वर आली. पाळणाघराचं काय ठरलं, हे विचारायची माझी हिंमत होईना.

"आई, डावा हात पुढे कर."

मी केला. तिने तो उन्हात धरला, कोपर उलगडून बोटाने कातडी चाचपली. मग बाळाचं डोकं त्या खोबणीत ठेवलं आणि कामावर निघून गेली.