हिस्केचं दुसरं बाळंतपण

मी एक जुना पोटपट्टा आहे, मित्रांनो. बाळंतिणीच्या पोटाला गुंडाळतात ना, तो. माझं जाड सुती कापड आता पिवळं पडलं आहे आणि कडेचे बंद विरले आहेत.

नेदरलंड्सच्या फ्रीसलंड प्रांतात, एका गोठ्याशेजारच्या घरात माझा जन्म झाला. हिस्केला पहिल्यांदा दिवस गेले, तेव्हा तिच्या आईने मला हाताने शिवलं. आफ्के जन्मली आणि बाळंतिणीची देखभाल करायला याकोबा सिस्टर घरी आल्या. रोज सकाळी त्या हिस्केचं अंग पुसत, पोट हलकेच दाबून बघत आणि मग मला गुंडाळत.

"सिस्टर, माझी बायको आहे ती, गवताचा भारा नाही!" हिस्केचा नवरा वीत्से दारातून ओरडे.

"आवळत नाही हो, आधार देतेय. तुम्ही बटाटे सोला. आणि दुधाच्या बरण्यांना हिने हात लावला, तर गाठ माझ्याशी आहे!"

हिस्के हसायची आणि हसताना दुखतं म्हणून मला घट्ट धरायची. टोस्टवर लोणी आणि साखरेतली बडीशेप घालून सिस्टर तिला भरवत. खरं सांगायचं, तर माझ्याने फारसं काही होत नाही. तिला बरं केलं ते विश्रांतीने आणि त्या हातांनी. पण कौतुक माझंही झालं. शेजारणी मला मागून नेत आणि धुऊन, इस्त्री करून परत आणून देत.

तीन वर्षांनी हिस्के पुन्हा बाळंत झाली. मुलगा होता. तो रडलाच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी याकोबा सिस्टर दारात आल्या. मी पलंगाच्या कठड्यावर तयार होतो.

"परत जा सिस्टर," वीत्से म्हणाला. "पाळणा रिकामा आहे."

"मी हिस्केसाठी आलेय. तिच्या शरीराला ठाऊक आहे का, बाळ गेलं ते? दूध भरून येईल तिला. रक्त जातंय. तिला झोपू द्या, मला तिच्याकडे बघू द्या."

"बाळच नाही, मग बाळंतीण कसली? उपकार करा, जा."

दार लागलं. हिस्के भिंतीकडे तोंड करून पडली होती. तिने मला ओढून घेतलं आणि माझ्यात तोंड खुपसलं. त्या दिवशी मी पोटाला नाही, हुंदक्यांना बांधला गेलो. दूध आलं, तेही मीच टिपलं.

आठवडा व्हायच्या आत ती धारा काढायला उठली. भरलेल्या बरण्या उचलू लागली. हळूहळू तिचं अंग, म्हणजे गर्भाशय, खाली उतरू लागलं. चालताना काहीतरी निसटतंय असं वाटे, खोकला आला की कपडे ओले होत. लाजेपायी तिने कुणाला सांगितलं नाही. हिवाळ्यात कालवा गोठला, की आफ्के बर्फावरून हाक मारी, "आई, ये ना!" ही काठावरच उभी. लेकीला वाटे, आपली आई कठोर आहे. मी कपाटाच्या तळाशी गेलो.

पुढे आफ्केला मुलगी झाली. हिस्के मला घेऊन तिच्या घरी गेली. बरोबर वीत्सेही होता.

तिथली तरुण नर्स हसून म्हणाली, "आजी, हल्ली आम्ही असं बांधत नाही. पण किती सुबक शिवलाय! तुमची किती बाळंतपणं झाली?"

"दोन."

आफ्केने मान वर केली. "दोन?"

हिस्के माझ्या बंदाशी चाळा करत राहिली. "तुला भाऊ होता. मी त्याचं नाव ओक्के ठेवलं होतं. मनातल्या मनात."

नर्सने हलकेच विचारलं, "तेव्हा तुमच्याकडे कोण बघत होतं?"

"कुणीच नाही," हिस्के म्हणाली.

"मी सिस्टरांना परत पाठवलं होतं," वीत्से म्हणाला. "घरात त्यांची पावलं मला ऐकवली नसती, हिस्के. प्रत्येक पावलाला वाटलं असतं, सिस्टर बाळाकडेच चालल्यात."

"मला ऐकायची होती रे ती पावलं," हिस्के म्हणाली. "त्या घरात कुणीतरी माझ्याकडे चालत यायला हवं होतं."

मित्रांनो, बाळ बघायला सगळेच जातात. तुम्ही आधी आईजवळ बसा. आणि ज्या घरातून रडण्याचा आवाज येत नसेल, तिथे तर नक्की जा. दार लागलं, तर पुन्हा वाजवा.