चौदा नंबरच्या घराचा ऊर्जा-दाखला

पोर्थमॅडॉग गावाच्या खाडीवरून येणाऱ्या सकाळच्या उजेडाला घाई नसते. आधी तो खिडकीच्या काचेवर आतून साचलेल्या ओलाव्यात थबकतो. मग एकेका थेंबातून खाली उतरतो, चौकटीवरच्या काळ्या बुरशीवरून सरकतो, चहाच्या किटलीला कडेने स्पर्श करतो आणि अखेर टेबलावर येऊन निपचित पडतो. त्याच्यात रंग असतो, ऊब नसते. संगणकाच्या पडद्याआडून मी हा उजेड तीन दिवस पाहिला.

मित्रांनो, मी एक जुना ऊर्जा-दाखला आहे. घर किती ऊब धरून ठेवते, हे उबदार 'ए'पासून गारठलेल्या 'जी'पर्यंतच्या अक्षरांत सांगणे हे माझे काम. नऊ वर्षांपूर्वी एका तपासनिसाने मला घडवले आणि सरकारी नोंदणीत ठेवले. घरमालकाने एकदा मला उघडून "छान" म्हटले. त्यानंतर कोणी फिरकले नाही.

मग मेरेरिड आली, त्या घरातली भाडेकरू. तिचा नवरा एमलिन आयुष्यभर स्लेटच्या खाणीत राबलेला. दगडाची धूळ त्याच्या छातीत कायमची बसली आहे. आणखी एक हिवाळा या गारठ्यात काढू नका, असे डॉक्टरांनी बजावले होते. घर 'एफ' किंवा 'जी' निघाले, तर दुरुस्ती केल्यावाचून मालकाला ते भाड्याने देता येत नाही. तिची सारी भिस्त त्या एका अक्षरावर होती.

तिने सरकारी नोंदणीच्या संकेतस्थळावर पिनकोड टाकला. रस्त्यावरच्या घरांची यादी उघडली. तिच्या दारावर '१४ ब' लिहिलेले आहे, म्हणून ती तेच शोधत राहिली. तपासनिसाने मात्र मला 'वरचा मजला, १४' असे नोंदवले होते. मी यादीच्या तळाशी ताटकळत उभा होतो, आणि तिला हाक मारायला मला तोंड नव्हते.

दुसऱ्या दिवशी तिने मालकाच्या एजंटला फोन केला. "बाई, दाखला आहे. नीट बघा," म्हणून त्याने फोन ठेवला.

"म्हणजे आंधळी मीच," ती म्हणाली.

"अगं, आपण इथे राहतो हे तरी सरकारला माहीत आहे का?" एमलिन खोकत म्हणाला. "की उगाचच टोपी घालून झोपतोय मी?"

तिसऱ्या दिवशी तिचे बोट तळाशी आले. "हे 'वरचा मजला, चौदा' कुणाचं रे?"

"सीगल पक्ष्यांचं असेल. आपल्या वर दुसरं आहे कोण?"

"म्हणजे हे आपलंच की!" तिने मला उघडले.

'ई'.

"म्हणजे काय गं?"

"म्हणजे नियमात बसतं. मालकाला काही करायला नको."

"मग थंडी आपल्या मनातच आहे म्हणायची," एमलिन म्हणाला आणि त्याने दुसरी शाल ओढून घेतली.

मित्रांनो, घराची काळजी घेणाऱ्यांनी कागदाचीही घ्यावी. तो वाचाल तेव्हा त्याला जरूर विचारा, तू हे स्वतः पाहिलेस का? मला तसे कोणीच विचारले नाही, आणि नऊ वर्षे मी माझे अक्षर अभिमानाने मिरवले. छपराखाली ऊब राखणारा लोकरीचा थर आहे, असे माझ्यात लिहिले आहे.

तपासनीस आला त्या दिवशी पोटमाळ्याचे झाकण रंगाने चिकटलेले होते. ते कोणी उघडलेच नाही.