खुशबूले रंग नको

भय्याजीचं तोंड मले तसंही आवडत नाही. कॅम्प-१ वस्तीतल्या आमच्या मराठी मंडळाचा तो सेक्रेटरी. माइक हाती आला का सोडत नाही, अन् बाया बोलाले लागल्या का घड्याळ पायते.

यंदा मंडळात आफ्रिकेतल्या घानाची अकोसुआ येऊ लागली होती. रायपूरले शिकते, दर रविवारी येऊन आमच्या पोरायले तिकडचा ढोल अन् नाच शिकवे. माही पोरगी खुशबू घरात मुक्यासारखी, शाळेत मुक्यासारखी. पण तो ढोल वाजला का अशी नाचे का मीच पाहत राहो! अकोसुआनं तिले पहिल्या रांगेत, मधोमध उभं केलं. पोरीनं एक डाव स्टेजवर मान वर करून नाचावं, मले बस एवढंच पाहिजे होतं.

कार्यक्रमाच्या दिवशी मी हॉलमागं गेली, तं भय्याजी वाटीत काजळ अन् खोबरेल कालवून पोरायच्या तोंडाले फासून राहिला होता.

"आफ्रिकन डान्स आहे, वहिनी! ओरिजिनल वाटला पाहिजे."

खुशबूचा नंबर आला. त्यानं तिच्याकडं पाह्यलं, बोट पुसलं अन् हसला. "हिले रंग नको. हे तं रेडिमेड आहे!"

बाजूच्या बायाही फिदीफिदी हसल्या. खुशबूनं मान खाली घातली. माहं डोकंच फिरलं.

"भैताडा, लाज वाटते का? तुह्या पोरीले म्हणून पाह्य असं!"

"मजाक होता, वहिनी. एवढं मनाले कावून लावून घेता?"

"थोबाड फोडीन तुह्यं, मंग तोही मजाकच समज!"

तेवढ्यात अकोसुआ ढोल घेऊन आली. पोरायचे तोंडं पाहून जागीच थांबली.

"ये मेरा चेहरा बनाया है?" तिनं भय्याजीले विचारलं. तो दात काढत राहिला. "सबका मुँह धुलाओ. नहीं तो मैं नहीं बजाऊँगी."

पोरं नळावर धावली. मी काही भय्याजीले सोडलं नाही. त्याची वाटी उचलून नालीत फेकली, अजून चार शिव्या हासडल्या, तवा कुठं जीव थंडा झाला. मंग खुशबूले पाहाले गेली.

पोरगी नळाखाली वाकून, साबण घेऊन, गाल खसाखसा घासून राहिली होती.

"अवं, तुले तं लावलंच नव्हतं! कावून घासून राहिली?"

तिनं घाबरून आजूबाजूच्या पोरायकडं पाह्यलं.

"हळू बोल ना, आई. लोकायले वाटू दे, मलेही लावलं होतं."