लाल म्हणजे लालच!

ओ, हळू धरा! मी मरोळच्या एका कंपनीचा टेस्ट सर्व्हर बोलतोय. इथली पोरं हॉस्पिटलांसाठी सॉफ्टवेअर लिहितात. ते आधी माझ्यावर चालवून बघायचं. बरोबर असलं तर मी हिरवं दाखवतो, चुकलं तर लाल. एवढंच माझं काम.

मान म्हणाल तर दसऱ्याला झेंडूचा हार आणि पेढा. दुसऱ्या दिवसापासून मी कचरापेटी! ज्याला त्याला डेटाची आपली वेगळी कॉपी हवी. 'फायनल', 'फायनल नवीन', 'हात लावू नका'. कोणाची आहे विचारा, सगळे छताकडे बघतात. प्रितमने तर बहिणीच्या हळदीचे व्हिडिओ कोंबलेत. मग मी धापा टाकतो, आणि नावं मलाच.

गेल्या आठवड्यात तेजलने औषधाचा डोस काढणारा प्रोग्राम माझ्यावर चालवला. तिच्या ताईला नुकतंच बाळ झालंय, अडीच किलोचं. तिने तेच वजन टाकलं, बरोबर उत्तरही हाताने काढून दिलं. प्रोग्रामने २.५ मधला पॉइंट खाल्ला, बाळ पंचवीस किलोचं धरलं. दहापट औषध! मी लाल दाखवलं.

"मशीन म्हातारं झालंय," मॅनेजर चंद्रप्रकाश म्हणाले. "डिस्क भरलीये, म्हणून फेल होतंय. सोमवारी हॉस्पिटलला द्यायचंय. नवीन सर्व्हर आला की हे भंगारात काढा."

"सर, आधी जागा रिकामी करून बघूया ना."

तेजलने सगळ्यांना विचारलं. कॉप्यांचा मालक कोणी निघेना. तिने डिलीट करायला घेतलं तसा प्रितम "अगं थांब, हळद आहे!" ओरडत पेन ड्राइव्ह घेऊन धावला. मला जरा श्वास घेता आला. परत चालवलं. लाल.

"बघ, याची वाटच लागलीये," चंद्रप्रकाश म्हणाले.

असा संताप आला! अरे, हिरवं दाखवलं असतं तर सगळे खूश, मलाही आणखी एक दसरा मिळाला असता. आणि त्या बाळाचं काय? नाही दाखवणार. उपटा वायर!

उपटलीच. मला दारापाशी ठेवून माझ्या जागी नवा बसवला, चकचकीत. तेजलने हट्टाने तेच अडीच किलो त्याच्यावर टाकलं.

लाल.

मग चंद्रप्रकाश घसा खाकरत म्हणाले, "तेजल, सोमवार कॅन्सल. हॉस्पिटलला मी फोन करतो. आधी हे दुरुस्त करा."

मला सॉरी म्हणालं का कोणी? छे! आता भंगारवाला मला उचलतोय. उचल बाबा, परत लावा म्हणून मी रडणार नाही. फक्त जाता जाता सांगतो, तो नवा लाल दाखवेल तेव्हा त्याचं ऐका. त्याला तर म्हातारासुद्धा म्हणता येणार नाही तुम्हाला!