तिसऱ्या वचनातली बाई

ओमप्रकाश मले बाई म्हणते, हे पहिल्या दिवसापासून खटकून राहिलं होतं. बाई म्हणजे काय? मी शाळेत शिकवत नाई, कोणाच्या घरी भांडे घासत नाई. एका पंगतीत त्यानं साऱ्यांसमोर 'बाई, भाजी घ्या' म्हटलं, तवा मी ताटावरून उठली. पोट अर्धंच भरलं होतं, पण उठली.

हा ओमप्रकाश फुलवाला. दर्यापूर रोडले त्याचा शेवंतीचा मळा हाये. दर शनिवारी आमच्या चर्चमधे वेदीसाठी फुलं आणून देते, आन माही सून हर्षा ते फुलं लावते. फुलं लावता लावता दोघायचं जमलं. माहा पोरगा कुलदीप, तिचा नवरा, जाऊन सहा वर्षं झाले. हर्षा चौतीस वर्षाची. तिनं मले सरळ सांगतलं, तुमी हो म्हटलं तरच लगन करीन, आन केलं तर तुमाले संग घेऊनच जाईन, एकटं ठेवणार नाई. चार महिने मी हो बी म्हटलं नाई, नाई बी म्हटलं नाई. हो म्हटलं तर कुलदीपची जागा भरून जाईन, याची मले भीती होती. दुसरं काही नाई.

फादरजवळ मी तक्रार केली का हा माणूस मले बाई म्हणते. फादर हसले नाईत. पंधरा दिवसांनी गुड फ्रायडेच्या चिठ्ठ्या निघाल्या. क्रुसावरून येशू जे सात वाक्य बोलला, त्यातल्या एकेकावर एकेकानं उभं राहून पाच मिनिटं बोलायचं, अशी आमच्या चर्चची पद्धत हाये. मले तिसरं निघालं. चिठ्ठी फादरनंच माह्या हातात दिली, तवा निघालं म्हणावं का नाई, देव जाणे.

घरी येऊन वाचलं. क्रुसावरून तो आपल्या मायले म्हणते, बाई, पाहा, हा तुझा मुलगा. आन बाजूले उभा असलेला शिष्य, जो तिच्या पोटचा नाई, तो तिले आपल्या घरी घेऊन जाते. सोताच्या मायले कोणी बाई म्हणते का? मी तीन खेपा वाचलं. तिन्ही खेपा बाईच होतं. फादरले फोन लावला, म्हटलं दुसरं वाक्य द्या, तहान लागल्याचं द्या, अकोल्यात एप्रिल महिन्यात मी त्यावर अर्धा तास बोलीन. ते म्हणे, तहान खुशालरावले गेली, त्यायची तयारी बी झाली.

शुक्रवारी बेचाळीस डिग्री ऊन, पोटात उपास. वेदी उघडी. त्या दिवशी फुलं नसतात हे ओमप्रकाशले कोणी सांगतलं नव्हतं. तो मागच्या बाकावर शेवंतीची टोपली मांडीवर घेऊन बसला होता. मले आधी राग आला, मग कीव आली.

माहा नंबर आला. मी कागद उघडला, 'बाई' वाचलं, आन पुढचं काही दिसेना. दोन मिनिटं नुसती उभी होती. लोकायले वाटलं मी मनन करून राहिली. मी विचार करून राहिली होती, त्या मायच्या पोटात काय तुटलं असन. पोटचा पोरगा समोर जाऊन राहिला, आन तो म्हणते, हा घे दुसरा.

"मले दुसरा नको होता," मी म्हटलं. "तिले बी नको असन. पण ती त्याच्या संग गेली."

एवढंच बोलून मी जागेवर येऊन बसली. पुढच्या बाकावर हर्षा रडून राहिली होती. मी पाहिलं नाई असं दाखवलं.

तीन वाजता सारे न बोलता बाहेर पडले. फाटकापाशी ओमप्रकाश उभा होता. हर्षानं त्याले शिकवलं असन, खाली पाहून म्हणे, "आई, गाडीत बसता का? ऊन लय हाये."

"आई नको म्हणू," मी म्हटलं. "तो शब्द कुलदीपचा हाये."

त्याची मान आणखी खाली गेली. हर्षा फाटकाले धरून उभी राहिली.

"तू बाईच म्हण."

त्याच्या हातातली टोपली मी घेतली आन गाडीत पुढच्या शिटवर बसली. रविवारच्या सणाले फुलं लागतीन, घरी पाण्यात ठेवू, असं सांगतलं. त्यानं हळूच विचारलं, कोणाच्या घरी?

"तुह्या," मी म्हटलं. "मी अजून पाहिलं नाई ना."